लातूर परिसरात फिरण्यासाठी जुनी इस्टेट गाडी घ्यावी का? सामानाची जागा आणि ॲव्हरेज दोन्ही हवे आहे

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट असून लातूर शहरात माझे छोटे उपचार केंद्र आहे. माझ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे आठवड्यातील चार दिवस मी औसा, रेणापूर, मुरूड आणि चाकूर या बाजूच्या गावांत त्यांच्या घरी जाते. बरोबर दुमडणारे उपचार-टेबल, दोन वॉकर, चालण्याच्या सरावासाठी चार फुटांची फळी आणि यंत्रांच्या दोन पेट्या असतात. महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर होतात. सध्याची गाडी 2011 ची छोटी हॅचबॅक आहे; टेबल टपावरच्या कॅरिअरला बांधावे लागते आणि दर वेळी ते डोक्याच्या वर उचलून माझेच खांदे दुखू लागले आहेत. लोकांचे सांधे सांभाळणाऱ्या माणसाने हे चालू ठेवणे बरे नाही.

माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. त्याच्याकडे इस्टेट प्रकारची गाडी आहे, म्हणजे सेडानचेच छप्पर शेवटपर्यंत सरळ नेलेले, मागे उभे दार आणि मागची सीट दुमडली की पलंगासारखी सपाट जागा. गाडी बसकी असल्यामुळे सामान फार उंच उचलावे लागत नाही आणि वयस्कर माणसालाही चढावे लागत नाही. तिकडे इंधनाचा हिशेब शंभर किलोमीटरला किती लिटर असा करतात. त्याच्या डिझेल गाडीला पाच लिटर लागतात, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला 20 किलोमीटर. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि उंच एसयूव्हीत तिला बसवताना फार त्रास होतो, म्हणून मला हाच प्रकार मनापासून आवडला.

इथे शोधल्यावर टाटांची 2008 ची एक इस्टेट, इंडिगो मरीना, डिझेल, पाहण्यात आली. किंमत दीड लाखाच्या आत आहे. माझी तयारी मात्र साडेपाच लाखांपर्यंतची आहे. मरीना घ्यावी का, आपल्याकडे दुसरी कोणती जुनी इस्टेट मिळू शकते, आणि इंधन डिझेल, पेट्रोल की सीएनजी असावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

गोदातीर (नांदेड)

नमस्कार डॉक्टरताई. नांदेडला माझे गॅरेज असून तेवीस वर्षे हेच काम करतो आहे, त्यामुळे मरीनाबद्दल स्पष्ट सांगतो.

गाडीची कल्पना उत्तम होती. 2004 मध्ये ती आली तेव्हा मी स्वतः तिच्या मागे उभा राहून डिक्की उघडून पाहिली होती, आणि आजही वाटते की आपल्याकडच्या कुटुंबांना अशीच गाडी हवी होती. तिचे 1405 सीसीचे डिझेल इंजिन आमच्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता-बांधता येते, त्याचे सुटे भागही मिळतात. अडचण इंजिनाची नाही. मागचे दार, त्याची काच, मागचे दिवे, दाराला वर तोलून धरणारे गॅसचे दांडे असे फक्त मरीनालाच असलेले भाग आता नवे मिळणे जवळजवळ अशक्य आहे. उद्या मागून एखाद्या मोटारसायकलने धडक दिली, तर भंगारातून दार शोधेपर्यंत गाडी उभी राहील. आपली रोजी त्या गाडीवर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. खासगी गाडीचे पासिंग 15 वर्षांचे असते, त्यानंतर योग्यता तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. 2008 च्या गाडीची मुदत 2023 मध्येच संपलेली आहे. विकणाऱ्याने नूतनीकरण केले आहे का, हे आधी पाहावे. त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले, आणि त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. दीड लाखाची गाडी मग दीड लाखाची राहत नाही.

बाकीच्या इस्टेट गाड्यांचेही तेच आहे. टाटांची इस्टेट 1992 ची, बलेनो अल्टुरा पेट्रोलवर चालणारी आणि तीही केव्हाच बंद झालेली. छंद म्हणून ठेवणाऱ्याने त्या जरूर ठेवाव्यात. रोज चाकूरला जाऊन संध्याकाळी परत यायचे असेल, तर मी माझ्या बहिणीला हा सल्ला देणार नाही.

शेंद्रा (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर यांच्याशी मी सहमत आहे, पण इस्टेटचा विचार पूर्ण सोडून देऊ नये असे मला वाटते. इस्टेट हे नाव बाजूला ठेवून तिच्यातले गुण शोधावेत.

आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्या जुळवल्या जात, आणि तिच्याच कॉम्बी या इस्टेट रूपाची भारतात काही काळ विक्रीही झाली. म्हणजे मराठवाड्याला ही गाडी अगदी अनोळखी नाही. तरीही हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही, आणि त्याला करांची रचना बरीचशी कारणीभूत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. त्यानंतर प्रत्येक कंपनीने लांबी कापायला सुरुवात केली आणि लांबीच जिचा गुण आहे ती गाडी महाग ठरली. इस्टेटची जागा पुढे तीन रांगांच्या बसक्या गाड्यांनी घेतली. तिसरी रांग दुमडली किंवा काढून ठेवली, की त्या व्यवहारात इस्टेटच असतात.

आपल्या किमतीत तीन नावे पाहण्यासारखी आहेत. पहिली एर्टिगा, जी एप्रिल 2012 मध्ये आली. नोव्हेंबर 2018 मध्ये तिची दुसरी पिढी आली. पहिल्या पिढीत तिन्ही रांगा उभ्या असताना डिक्की फक्त 135 लिटरची आहे, पण आपल्याला तिसरी रांग नकोच आहे. दुसऱ्या पिढीत ती रांग दुमडल्यावर सुमारे 550 लिटर जागा होते. दुसरे नाव रेनॉ लॉजीचे. ही 2015 ते 2020 या काळात विकली गेली, तिची तिसरी रांग पूर्ण बाहेर काढता येते आणि 1461 सीसीचे डिझेल इंजिन डस्टरमध्येही होते, त्यामुळे ते अनोळखी नाही. तिसरे नाव त्याच कंपनीच्या ट्रायबरचे. 2019 मध्ये आलेली ही गाडी चार मीटरच्या आत असूनही तिसऱ्या रांगेची दोन आसने काढून ठेवली की 625 लिटरची डिक्की देते. मात्र इंजिन 999 सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि फक्त पेट्रोलवरचे आहे. सात माणसे घेऊन घाट चढायचा असेल तर ते धापा टाकते. आपण बहुतेक वेळा एकट्या किंवा मदतनिसासह असता, तेव्हा हा दोष आपल्याला फारसा जाणवणार नाही.

आता ॲव्हरेज. जाहिरातीतले आकडे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीचे असतात. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिथे खड्डा नसतो, समोरून वारा नसतो आणि मे महिन्यातले लातूरचे ऊनही नसते. पहिल्या डिझेल एर्टिगाचा जाहीर आकडा 20.77 होता आणि 2015 नंतरच्या एसएचव्हीएस प्रणालीच्या (इंजिनाला बॅटरीची थोडी मदत देणाऱ्या) डिझेल गाडीचा 24.52. आपल्या रस्त्यांवर एसी चालू ठेवून डिझेलने 18 दिले तर समाधान मानावे. पेट्रोल एर्टिगाने 15, ट्रायबरने 16 आणि सीएनजीने किलोला 22 दिले असे धरू. पेट्रोल 105 रुपये आणि डिझेल व सीएनजी दोन्ही सोयीसाठी 92 रुपये धरले, तर दीड हजार किलोमीटरला पेट्रोल एर्टिगाला महिना 10,500, ट्रायबरला सुमारे 9,850, डिझेल एर्टिगाला सुमारे 7,670 आणि सीएनजीला सुमारे 6,270 रुपये लागतील. आपल्या पंपावरचे भाव घालून हा हिशेब पुन्हा करावा.

पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे अशा मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण 6 ते 7 टक्के ऊर्जा कमी आली. त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वीचे कोणाचे अनुभव वाचून आकडा ठरवू नये.

आणि कृपया ते कॅरिअर आजच काढून ठेवावे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. टपावर टेबल बांधून मोकळ्या महामार्गावर 80 ने जाण्यात जे इंधन वाया जाते, ते टेबल आत ठेवले की लगेच वाचेल.

मोसंबीबाग (जालना)

माझ्याकडे चार वर्षांपासून कंपनीतून बसवून आलेल्या सीएनजीची एर्टिगा आहे आणि खर्चाच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. शेंद्रा यांनी धरलेला किलोला 22 चा आकडा मला नेहमी मिळतो, सावकाश चालवली तर त्याहून थोडा जास्तच. परंतु ताईंच्या कामासाठी मी ही गाडी सुचवणार नाही, आणि त्याचे कारण हिशेबाच्या कागदावर दिसत नाही.

एर्टिगात सीएनजीची 60 लिटर क्षमतेची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे, नेमकी डिक्कीच्या तोंडाशी असते. तिसरी रांग दुमडली तरी टाकी जागची हलत नाही. म्हणजे टेबल आत सरकवायचे असेल तर ते टाकीच्या वरून उचलून पलीकडे न्यावे लागते. आपण ज्या उचलण्याला कंटाळला आहात, तेच पुन्हा करावे लागेल. मी मोसंबीच्या जाळ्या मागच्या बाजूच्या दारातून भरतो, पण चार फुटांची फळी तशी जाणार नाही.

टाकीत व्यवहारात साडेआठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरपर्यंत निश्चिंती. आपल्या चार दिवसांच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि तिथे दुपारी दाब पुरेसा असतो का, हे स्वतः जाऊन पाहावे. दाब कमी असला की टाकी अर्धीच भरते आणि रांगेतला पाऊण तास फुकट जातो. आपला वेळ रुग्णांचा आहे. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. जुनी सीएनजी गाडी घेणाऱ्या कोणीही टाकीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. टाकीची जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. काल एका परिचितांकडची सीएनजी गाडी उघडून पाहिली आणि मोसंबीबाग यांचे म्हणणे तंतोतंत पटले.

आता दोन गाड्या समोर आहेत. एक 2017 ची डिझेल एर्टिगा, काट्यावर 88 हजार किलोमीटर, मागणी 5 लाख 40 हजार. दुसरी 2021 ची ट्रायबर, 41 हजार किलोमीटर, मागणी 4 लाख 70 हजार. मागच्या दाराचा उंबरा दोन्हींचा माझ्या मांडीच्या मध्याशी येतो, म्हणजे टेबल कमरेच्या खालीच राहते. आई दोन्हींत आधाराशिवाय बसली. डिझेलमुळे महिन्याला दोन हजारांवर रुपये वाचतील असे दिसते. मग डिझेल घेणेच योग्य ठरेल ना? आणि जुनी गाडी तपासताना नेमके काय पाहावे?

बालाघाट (बीड)

मी विम्याच्या दाव्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करतो, त्यामुळे माझे लक्ष वेगळ्या गोष्टींकडे जाते.

आधी एक कटू अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी आम्ही एका एजंटाकडून डिझेल गाडी घेतली. काटा 62 हजार दाखवत होता, सीटवर नवी कव्हरे होती, इंजिन धुऊन चकचकीत केलेले होते. घेतल्यानंतर सर्व्हिसच्या जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत 1 लाख 40 हजार किलोमीटर लिहिलेले होते. वर्षभरात क्लच, टर्बो आणि इंजेक्टर यांवर भावाचे जे पैसे गेले, त्यात डिझेलची तीन वर्षांची बचत संपली. हे काम रोज करणाऱ्या माणसाच्या घरात असे घडले, कारण मी त्या दिवशी नोंदी मागायला संकोचलो. आपण संकोचू नये. गाडीचा क्रमांक सांगून सर्व्हिसच्या नोंदी मालकाच्या समोर मागवाव्यात, आणि मालकाने टाळाटाळ केली तर तिथून निघावे.

काट्यापेक्षा गाडीचे अंग खरे बोलते. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कडा, चालकाच्या सीटचा बसलेला कोपरा हे सगळे काट्याशी जुळले पाहिजे. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. टायरची नक्षी कितीही चांगली दिसली, तरी आपल्याकडच्या उन्हात सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर 120 ने जाण्याचे धाडस करू नये. चारही टायर बदलायचे असतील तर ती रक्कम किमतीतून वजा करून मागावी.

एर्टिगाच्या आरसीचा इतिहास आवर्जून पाहावा. ही गाडी टॅक्सी म्हणून फार चालते आणि काही गाड्या पिवळी पाटी उतरवून खासगी केलेल्या असतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, परंतु किंमत टॅक्सीची असली पाहिजे. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35, मालकी हस्तांतरणासाठी नमुना 29 आणि 30, न भरलेली ई-चलने, एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी, हे सगळे पैसे देण्याआधी पाहून घ्यावे. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याच्याबरोबर जाते, ती गाडीला चिकटत नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. सेडानमध्ये सामान बंद डिक्कीत असते. इस्टेटसारख्या गाडीत सामान आणि माणसे एकाच खोलीत बसतात. साठच्या वेगात जोरात ब्रेक लागला किंवा समोरून धडक झाली, तर मोकळे ठेवलेले पंधरा किलोंचे टेबल त्याच वेगाने पुढच्या सीटवर येते. हे मी पाहिलेले आहे. टेबल आणि पेट्या पट्ट्याने जमिनीवरच्या कड्यांना आवळून बांधाव्यात, जड वस्तू अगदी खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. आई मागे बसणार असतील तेव्हा तर यात तडजोड करूच नये. ट्रायबरला 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे आणि दुसऱ्या पिढीच्या एर्टिगाला 2019 मध्ये तीन तारे मिळाले होते, हेही निर्णय घेताना विचारात घ्यावे.

गोदातीर (नांदेड)

डॉक्टरताई, डिझेल की पेट्रोल याचे माझे उत्तर असे. एर्टिगाचे 1248 सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर अशा कितीतरी गाड्यांत बसलेले आहे, त्यामुळे सुटे भाग आणि माहीतगार मिस्त्री अगदी उदगीरलाही मिळतील. 2017 ची गाडी बीएस 4 या जुन्या प्रदूषण-मानकाची असल्यामुळे बीएस 6 डिझेल गाड्यांना असणारी काजळी पकडणाऱ्या फिल्टरची कटकटही तिच्यात नाही. तेल वेळेवर बदलले असेल तर हे इंजिन फार दूर जाते. तेल बदलण्यात हयगय झाली असेल तर टायमिंग चेन सैल पडते आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते. म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की इंजिन गरम करून ठेवू नका. सुरू असताना ऑईलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन मारते का, म्हणजे तिथून धूर किंवा हवा जोरात बाहेर येते का, पाहावे, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर दाबून क्लच घसरतो का पाहावे. आपल्या काळ्या मातीतले रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्या लाटांवरून गाडी सतत डोलत राहते. त्यामुळे लोअर आर्मचे बुश आणि मागचे शॉकॉबसर याच भागातल्या गाड्यांचे लवकर जातात. खडबडीत रस्त्यावर खिडक्या बंद करून, टेप बंद ठेवून दोन किलोमीटर चालवावी, कान सगळे सांगतील.

नोंदी स्वच्छ असतील आणि सकाळी इंजिन शांतपणे सुरू झाले तर डिझेल घ्यावे. एकाही गोष्टीत शंका आली तर ट्रायबर घ्यावी. वर्षाला सव्वीस हजारांची बचत मोठी आहे, पण आधीच थकलेल्या डिझेलचे चार इंजेक्टर आणि क्लच ती एकाच फेरीत घेऊन जातात.

मांजराकाठ (लातूर)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. एर्टिगा सकाळी सात वाजता न कळवता पाहायला गेले. थंड इंजिनाची खडखड मलाही ऐकू आली, आणि सर्व्हिसच्या नोंदी 54 हजारांनंतर थांबलेल्या होत्या. मालक सज्जन होते, त्यांनी बाहेरच्या मिस्त्रीकडे तेल बदलल्याचे सांगितले, पण पावती एकही नव्हती. ट्रायबरच्या सगळ्या नोंदी मिळाल्या. ती 4 लाख 45 हजारांना घेतली. टायर 2020 चे निघाल्यामुळे पंचवीस हजार कमी झाले.

तिसऱ्या रांगेची दोन्ही आसने घरी माळ्यावर ठेवली आहेत. टेबल आडवे आत जाते, फळी दुसऱ्या रांगेची एक बाजू दुमडून बसते आणि बालाघाट यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे दोन पट्ट्यांनी आवळलेले असते. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत 524 किलोमीटर झाले आणि 31 लिटर पेट्रोल बसले, म्हणजे लिटरला 16.9. त्यात तीन दिवस एसी चालू होता आणि एक फेरी आईला घेऊन अंबाजोगाईची होती. जुन्या हॅचबॅकला टपावर टेबल असताना हाच आकडा 14 च्या वर कधी गेला नव्हता.

एक प्रश्न राहिला आहे: आसने काढल्यावर मोकळ्या झालेल्या सीटबेल्टच्या पट्ट्यांची कुलपे खडबडीत रस्त्यावर वाजतात. त्यासाठी कोणी काही केले आहे का?

गोदातीर (नांदेड)

प्रत्येक कुलपाला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळून पट्टी ताणून अडकवावी. आवाज थांबेल, आणि आसने परत बसवायची झाली की तुकडा काढून टाकता येईल.